परतीच्या वाटेवरचा गंज

जुन्या शेवरोले पिकअपच्या स्टिअरिंगखालची दांडी डाव्या वळणासाठी ओढावी, आणि पुढचा डावा दिवा लुकलुकण्याऐवजी समोरचे दोन्ही पार्किंगचे दिवे मंद, तांबूस उजळावेत, असं पुष्कळदा घडतं. पार्किंगचे दिवे आधीच चालू असतील तर प्रकार आणखी चमत्कारिक होतो. डावा दिवा पेटायच्या क्षणी विझतो आणि विझायच्या क्षणी पेटतो. मालक दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर बदलतो, मग बल्ब बदलतो, मग स्विच. तिन्ही नवे बसतात आणि दिव्याचं वागणं तसूभरही बदलत नाही, कारण बिघाड या तिन्हींत नसतोच. विजेची दिव्यापर्यंत पोचण्याची वाट शाबूत असते. दिव्यातून बॅटरीकडे परतण्याची वाट गंजाने अडवलेली असते.

या प्रकरणातली गाडी आहे शेवरोले ३१००. जनरल मोटर्सने जून १९४७ मध्ये ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाची ट्रकांची मालिका बाजारात आणली आणि ती १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. तिच्यातला अर्ध्या टनाचा पिकअप म्हणजे ३१००. फुगीर मडगार्ड, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, मागे लाकडी फळ्यांच्या तळाचा हौदा. १९५४ मध्ये जाळीची रचना बदलली आणि समोरची दोन तुकड्यांची काच जाऊन एकसंध, वळणदार काच आली. महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपणारे ट्रक शेवरोलेचे होते. शेतावरचा चारा, दुकानातला माल, बांधकामाची लाकडं अशी सगळी कामं या गाडीने केली. शेवरोलेचा ट्रक आपल्याकडेही परका नव्हता. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना होता. १९२८ पासून १९५४ पर्यंत तिथून मोटारींबरोबर ट्रक आणि बसगाड्याही बाहेर पडत होत्या.

वळणाचे दिवे या ट्रकला मुळात नव्हतेच, हे आधी सांगायला हवं. ब्यूइकने १९३९ साली आपल्या मोटारींना लुकलुकणारे दिवे कारखान्यातच बसवायला सुरुवात केली, पण ते मोटारींचं झालं. पिकअप विकत घेणारा शेतकरी खिडकीतून हात काढूनच खूण करी. डावीकडे वळायचं तर हात आडवा, उजवीकडे वळायचं तर कोपरातून वर, थांबायचं तर खाली. मागचा दिवासुद्धा डाव्या बाजूला एकच मिळे, उजवा हवा तर जादा पैसे. वळणाचे दिवे विक्रेत्याकडून वेगळे बसवून घ्यावे लागत. स्टिअरिंगच्या दांड्याला पट्ट्याने आवळून बसणारा सिग्नल-स्टॅट कंपनीचा स्विच त्या काळच्या कितीतरी ट्रकांवर आजही दिसतो. वाहनांच्या दिव्यांसाठी अमेरिकेत देशभर एकच केंद्रीय मानक १९६८ पासून लागू झालं.

या इतिहासाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. ३१०० वर आज दिसणारे वळणाचे दिवे बहुधा मूळच्या पार्किंगच्या दिव्यांत कुणीतरी नंतर केलेला बदल असतात. एका तारेच्या होल्डरच्या जागी दोन तारांचा होल्डर बसवलेला असतो, कधी नीट, कधी घाईत. म्हणून प्रत्येक ट्रकचं वायरिंग थोडं वेगळं निघतं आणि छापील आकृतीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. दिव्यातली वाट दरवेळी स्वतः शोधावी लागते.

ती वाट अशी असते. गाडीतल्या दिव्याकडे वीज तारेने येते, पण परत जाताना बहुतेक ठिकाणी तार नसते. गाडीचं लोखंडी अंग हीच परतीची तार. मेकॅनिक तिला ‘अर्थ’ म्हणतात. ३१०० मध्ये बॅटरीची ऋण बाजू अंगाला जोडलेली असते. (त्याच काळातल्या फोर्डच्या ट्रकांत धन बाजू अंगाला असे. चार्जर किंवा एलईडी जोडण्याआधी हे तपासलेलं बरं.) बल्बमधून निघालेला प्रवाह आधी बल्बच्या पितळी बुडात येतो, तिथून होल्डरच्या पत्र्याच्या नळीत, नळीतून दिव्याच्या वाटीत, वाटीतून तिला धरणाऱ्या स्क्रूंत, तिथून जाळीच्या किंवा मडगार्डच्या पत्र्यात, पत्र्यातून चासीत आणि चासीतून बॅटरीत. मागच्या दिव्याच्या वाटेत हौद्याला जोडणारा ब्रॅकेट आणि त्याचे बोल्ट यांची आणखी भर पडते. यातला जवळजवळ प्रत्येक सांधा म्हणजे एका धातूवर दाबून बसवलेला दुसरा धातू. १९४८ साली ते दोन्ही पृष्ठभाग उघडे आणि स्वच्छ होते. आज त्यांच्यामध्ये तपकिरी भुकटी भरलेली असते.

लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की पाणी धरून बसणारं लोखंडाचं ऑक्साइड तयार होतं. मूळ लोखंडाहून ते कितीतरी जास्त जागा व्यापतं, म्हणून सांध्यात शिरलेला गंज दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलून दूर करतो. आणि तो विजेचा अतिशय वाईट वाहक असतो. म्हणजे एकाच वेळी दाबही जातो आणि स्पर्शही जातो.

तरीही दिवा एकदम विझत नाही, तो मंदावतो. तापलेल्या तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की प्रकाश तीस टक्के जातो. आता ३१०० ची बॅटरी ६ व्होल्टची आहे हे लक्षात घ्या. ६ व्होल्टच्या दोन तारांच्या बल्बमधली वळणाची तार सुमारे २.६ अँपिअर खाते. तापल्यावर तिचा स्वतःचा रोध अडीच ओहमच्याही आत असतो. गंजलेल्या सांध्याने त्यात केवळ अर्ध्या ओहमची भर घातली, तरी बल्बच्या वाट्याचं व्होल्टेज इतकं कमी होतं की प्रकाश निम्म्यावर येतो. तोच अर्धा ओहम १२ व्होल्टच्या गाडीत असता, तर तीन चतुर्थांश प्रकाश शिल्लक राहिला असता. ‘सहा व्होल्टचे दिवे मंदच असतात’ असं लोक सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. सांधे स्वच्छ आणि तारा पुरेशा जाड असतील, तर हे दिवे त्यांच्या काळाला शोभेल इतका चांगला प्रकाश देतात. ६ व्होल्टची गाडी गंजाबाबत फार हळवी असते, एवढाच खरा फरक.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर आता देता येईल. पुढच्या बल्बमध्ये तारा दोन असतात, एक तेजस्वी वळणासाठी आणि एक मंद पार्किंगसाठी. दोघींचं परतीचं टोक एकच, ते म्हणजे बल्बचं पितळी बूड. बुडापासून पुढची वाट गंजाने बंद झाली की वळणाच्या तारेतून आलेला प्रवाह अडतो आणि दुसरी मोकळी वाट धरतो. ती पार्किंगच्या तारेतून उलट्या दिशेने जाते, पार्किंगच्या वायरीने पलीकडच्या उजव्या दिव्यात पोचते आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बॅटरीकडे परतते. वाटेतल्या मंद तारा अर्धवट तापतात आणि समोरचे दोन्ही दिवे तांबूस होतात. पार्किंगचे दिवे चालू असताना फ्लॅशरने वीज सोडली, की बल्बच्या दोन्ही वायरींना बॅटरीचं सारखंच व्होल्टेज मिळतं. दोन टोकांत फरक नाही म्हणून प्रवाह नाही, म्हणून दिवा काळा. फ्लॅशरने वीज तोडली की पार्किंगचा प्रवाह वळणाच्या तारेतून मागच्या डाव्या दिव्याकडे वाट काढतो आणि पुढचा दिवा पुन्हा पेटतो. वायरिंगची उलटापालट झाली असावी असं वाटायला लावणारा हा खेळ एका गंजलेल्या सांध्याचा असतो.

फ्लॅशरवर आळ येतो त्याचंही कारण आहे. जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. दिव्यांचा प्रवाह त्याच्यातून जातो, आतली धातूची पट्टी तापून वाकते, संपर्क तुटतो, ती थंड होते, पुन्हा जुळतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं योग्य मानलं जातं. सांध्यातल्या रोधामुळे प्रवाह कमी झाला की पट्टी उशिरा तापते आणि दिवा रेंगाळतो, किंवा पेटलेलाच राहतो. बिचारा फ्लॅशर त्याला मिळणाऱ्या प्रवाहाप्रमाणे वागत असतो. म्हणून नवा फ्लॅशर आणण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा.

तपासण्याची रीत महत्त्वाची आहे, कारण इथे पुष्कळजण फसतात. मीटर ओहमवर लावून होल्डर आणि चासी यांच्यामधला रोध मोजला, तर गंजलेला सांधाही अनेकदा शून्याजवळ दाखवतो. मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतं, आणि त्याला गंजातून केसाएवढा धातूचा स्पर्श मिळाला तरी पुरतो. एकाच पदरावर टिकलेला दोर कठड्यावर पडलेला असताना धडच दिसतो, भरलेली घागर ओढायला लागली की कळतं. म्हणून दिवा पेटलेला ठेवून, सांध्यावर खरा भार असतानाच मोजमाप घ्यायचं. लुकलुकत्या दिव्यावर मीटरचे आकडे स्थिरावत नाहीत, त्यामुळे फ्लॅशरच्या दोन टोकांना फ्यूज लावलेल्या छोट्या तारेने थेट जोडावं. दिवा एकसारखा जळू लागतो.

आता मीटर व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, केबलच्या टोपणावर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर टेकवा. दुसरं टोक होल्डरच्या नळीवर. परतीची वाट निर्मळ असेल तर आकडा शून्याच्या जवळ दिसतो. एक-दोन दशांश व्होल्ट चालतील. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर वाटेत अडथळा आहे. मग बॅटरीकडचं टोक तसंच ठेवून दुसरं टोक एकेक पायरी मागे न्यायचं. नळी, वाटी, स्क्रू, जाळीचा पत्रा, मडगार्ड, चासी. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम खाली उतरतो, त्यांच्यामधल्या सांध्यात गंज आहे. काही वेळा सगळा दोष चासी आणि बॅटरी यांच्यामधल्या जाड पट्ट्यात सापडतो आणि दिव्याला हातही लावावा लागत नाही. ६ व्होल्टच्या गाडीला कुणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावलेली असणं, हाही नेहमीचा प्रकार आहे.

गंज बाहेरून येतो असं आपण धरून चालतो. दिव्याच्या बाबतीत तो बराचसा आतून तयार होतो. दिवा तापला की वाटीतली हवा फुगते आणि फटींतून बाहेर पडते. थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. तिच्यातली वाफ थंड पत्र्यावर पाण्याचे थेंब होऊन बसते. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी हे घडतं. त्यात मीठ मिसळलं की गंजाचा वेग वाढतो, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिकच आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात. तिथल्या जुन्या ट्रकांची मडगार्डं आणि दिव्यांच्या वाट्या खालून कुरतडल्यासारख्या होतात, तर ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतला तेवढ्याच वयाचा ट्रक पत्र्याने शाबूत निघतो आणि चढ्या भावाने विकला जातो. कोकणात किनाऱ्याजवळ जीप वापरलेल्यांना हे निराळं समजवावं लागणार नाही. तिथे खारा वारा बारा महिने तेच काम करतो.

दिवा सोडवताना सगळ्यांत आधी बॅटरीचं अर्थचं टोक काढायचं. मग काचेचे स्क्रू. ते जागचे हलत नाहीत, आणि इथे घाई केली की डोकं झिजून गुळगुळीत होतं. गंजात झिरपणारं पातळ तेल मागून आणि पुढून, दोन्हीकडून सोडावं आणि रात्रभर थांबावं. मागची बाजू लोक विसरतात, पण स्क्रूचा गंजलेला भाग मडगार्डच्या पोटात असतो, डोक्याकडे नव्हे. खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यावर हातोडीने हलके ठोके मारावेत, मग स्क्रू आधी किंचित आवळावा आणि त्यानंतर सोडवावा. आवळताना गंजाचा पापुद्रा तुटतो. उष्णता हा रामबाण उपाय आहे, पण काच, रबर आणि वायर बाजूला काढल्यावरच. तेल सोडलेल्या जागी ज्योत लावणं धोक्याचं आहे, हे सांगायला नको. एवढं करूनही स्क्रू हलला नाही तर डोकं ड्रिलने उडवून द्यावं. चार पैशांच्या स्क्रूसाठी मूळची काच फोडण्यात काही अर्थ नाही.

बल्बही होल्डरमध्ये रुतून बसलेला असतो. आत दाबून डावीकडे वळवला की सुटायला हवा, पण जोर केला की काचेचा फुगा हातात येतो आणि पितळी बूड आतच राहतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करावं. उरलेलं बूड लांब नाकाच्या पकडीने आतल्या बाजूला चेपत चेपत काढता येतं.

मग येतो होल्डर, आणि माझ्या मते सगळ्या दुरुस्तीचा जीव इथे आहे. नळीच्या आत बारीक स्प्रिंग असते, तिच्यावर फायबरची चकती आणि चकतीत दोन वायरींची दोन टोकं. स्प्रिंग ही टोकं बल्बच्या बुडावर दाबून धरते. ती गंजून मऊ पडली की बल्ब हलतो आणि खड्ड्यागणिक दिवा उघडझाप करतो. हा आतला संच नवा मिळतो आणि तो नवाच घालावा. त्या काळच्या वायरींवर रबर आणि वर सुती विणकाम असे. इतक्या वर्षांनी रबर बिस्किटासारखं तुटतं, म्हणून जुन्या तारेला नवा तुकडा जोडण्यापेक्षा निदान पुढच्या जोडापर्यंतची पूर्ण तार बदलणं शहाणपणाचं.

नळी स्वतः मात्र वाटीच्या पत्र्यात दाबून बसवलेली असते. दोन्ही पत्रे लोखंडाचे, आणि त्यांच्यामधली फट डोळ्यांना दिसतच नाही. नळी आतून पॉलिश पेपरने चकचकीत घासली, वाटी बाहेरून साफ केली, तरी मधल्या फटीतला गंज जागच्या जागी राहतो. चांगल्या कारागिराची दुरुस्तीही इथे हुकते. उपाय म्हणजे नळीची बाहेरची बाजू एका जागी पांढऱ्या धातूपर्यंत घासायची, फ्लक्स लावून तिला एक तार डाखाने पक्की जोडायची आणि त्या तारेचं दुसरं टोक चासीवर स्वच्छ केलेल्या जागी बोल्टखाली आवळायचं. आता वाटी, स्क्रू, जाळी, मडगार्ड या सगळ्या सांध्यांवर विसंबण्याची गरज उरत नाही. मूळ गाडीत अशी तार नव्हती म्हणून काही जण हिला नाकं मुरडतात. त्यांचा मूळपणाचा आग्रह मला समजतो, पण ही तार बाहेरून दिसत नाही, कुठेही भोक पाडावं लागत नाही आणि हवी तेव्हा काढता येते. मागून येणाऱ्या वाहनाला ट्रक कुठे वळणार ते दिसणं जास्त महत्त्वाचं आहे.

वाटीचा गंज काढायचे मार्ग अनेक. तारेचा ब्रश वरचा पापुद्रा काढतो, खड्ड्यांतला गंज राहतो. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात वाटी रात्रभर बुडवली तर खड्ड्यांतला गंजही सुटतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करावी, कारण उघडं पडलेलं लोखंड काही तासांतच पुन्हा लालसर होतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावूनही गंज काढता येतो. वाटी ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडायचा. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर आणि ज्योतीपासून दूर करावं. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्याच्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. आणखी एक सावधगिरी. काही दिव्यांच्या वाट्या किंवा कडी ओतीव जस्ताच्या असतात. त्यांच्यावर तपकिरी गंज नसतो, पांढरी भुकटी आणि बारीक फोड असतात. त्या आम्लात टाकल्या तर आम्ल जस्तच खातं. लोहचुंबक चिकटतो का हे आधी पाहावं. मात्र जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडालाही तो चिकटतो, आणि आम्लाने तो मुलामा जातो हे गृहीत धरावं.

पत्र्याला बारीक भोकं पडली असतील तर ती डाखाने भरता येतात. तळ पार गेला असेल तर पितळी पत्र्याचा तुकडा कापून डाखाने बसवता येतो. याही पुढे गेलेल्या वाटीसाठी हल्लीच्या नव्या प्रतिकृती मिळतात आणि त्या घेण्यात कमीपणा नाही.

मग रंग. आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. गंज काढून, रेड ऑक्साइड मारून, वर सुंदर रंग चढवून बसवलेला दिवा पेटत नाही, असं नव्याने सजवलेल्या ट्रकांत फार वेळा होतं. रंग हा गंजाइतकाच विजेला अडवणारा असतो, पावडर कोटिंग तर त्याहून जास्त. गंजाची जागा रंगाने घेतली, वाट बंदच राहिली. म्हणून वाटीचा मागचा भाग जिथे पत्र्याला टेकतो तिथे, स्क्रूच्या भोवती आणि ब्रॅकेटच्या बोल्टखाली रंग येऊ देऊ नये. रंगवताना तिथे चिकटपट्टी लावावी. बसवताना दातेरी वॉशर वापरावा, त्याचे दात धातूत रुततात आणि सांधा टिकतो. सांधा आवळून झाल्यावर त्याच्यावर बाहेरून ग्रीस किंवा रंग लावला तर चालतं, नव्हे, लावावाच, म्हणजे ओलावा आत शिरत नाही. होल्डरमध्ये सिलिकॉनचं ग्रीस अगदी पातळ फासावं. ते स्वतः वीज वाहून नेत नाही, पण दाबाखालच्या स्पर्शबिंदूवरून बाजूला सरतं आणि भोवतीची जागा पाण्यापासून राखतं.

काच घाई न करता साबणाच्या पाण्याने धुवावी. प्लॅस्टिकची असेल तर ॲसिटोन किंवा ब्रेक साफ करायचा फवारा तिच्याजवळही आणू नये, बारीक तडे जातात. रबरी पॅकिंग नवं घालावं आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, बेताने आवळावेत. वाटीच्या तळाला पाणी निघून जायला बारीक छिद्र असेल तर ते मोकळं ठेवावं. पाणी शिरू नये म्हणून सगळीकडून सिलिकॉन भरून दिवा हवाबंद करण्याचा मोह होतो. पण दिवा पूर्ण हवाबंद होत नाही, तो कुठून तरी दमट हवा आत घेतोच. फक्त आत जमलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही.

बरेच मालक या टप्प्यावर गाडी १२ व्होल्टवर नेतात. शेवरोलेने स्वतः १९५५ च्या नव्या मालिकेत तेच केलं. बल्बचं बूड दोन्ही व्होल्टेजना सारखंच असल्याने होल्डर बदलावा लागत नाही, फक्त १२ व्होल्टचे बल्ब आणि फ्लॅशर लागतात. त्याने सांध्यातला रोध कमी जाणवतो हे खरं, पण रोध जागेवरच असतो आणि सांधा तापत राहतो. एलईडीचंही तसंच. ते इतका कमी प्रवाह घेतात की गंजलेल्या सांध्यातूनही चकाकतात, आणि जुना उष्णतेवर चालणारा फ्लॅशर त्या प्रवाहावर तापत नाही म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा लागतो. एलईडी घालायला माझी हरकत नाही. आधी सांधे साफ करावेत, मग एलईडी घालावेत, एवढंच म्हणणं आहे. उलट क्रमाने केलं तर गंज दिसेनासा होतो आणि आपलं काम चालू ठेवतो.

सगळं बसवून झाल्यावरची चाचणी एकेक दिवा पेटवून पुरी होत नाही. या ट्रकांत वळणाचा आणि ब्रेकचा मागचा प्रकाश एकाच तारेतून मिळतो. वळणाची खूण दिली की त्या बाजूची ब्रेकची वीज स्विच तोडतो आणि तिथे फ्लॅशरची वीज जोडतो. म्हणून इंजिन मंद गतीवर ठेवून पार्किंगचे दिवे लावावेत, ब्रेकवर पाय ठेवावा आणि मग डावी खूण द्यावी. मागचा डावा दिवा लुकलुकला पाहिजे, उजवा ब्रेकचा प्रकाश स्थिर राहिला पाहिजे आणि पुढच्या उजव्या दिव्यात कंपही दिसता कामा नये. मग उजवी खूण देऊन हेच उलट पाहावं. त्यानंतर पार्किंगचे दिवे बंद करून हेडलाइट लावावेत आणि दोन्ही बाजू पुन्हा पाहाव्यात. शेवटी फ्लॅशरला पुन्हा थेट तार लावून चारही होल्डरच्या नळ्यांपासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंतचं व्होल्टेज मोजावं आणि ते चार आकडे तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच चार जागा पुन्हा मोजायच्या. एखादा आकडा वाढलेला दिसला, तर दिवा मंद व्हायच्या आधीच कोणता सांधा उघडायचा ते कळतं.